दुसरीतल्या पोराचे वडील वारले. वर्गात कसं वागू?

हळदीचं_पान

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथं नुसती वाचतेय, आज लिहायची वेळ आली.

मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे, दोन्ही वर्ग मिळून पट २३. दुसरीतल्या एका मुलाचे वडील दिवाळीनंतर गेले. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर होते. रात्री कारखान्यावर खेप खाली करून परत येताना रस्त्यातच अपघात झाला. पोरगं सात वर्षांचं आहे.

तेरावा झाल्यावर आजोबा त्याला शाळेत सोडायला आले. डोक्याचा चकोट केलेला, वर टोपी. पहिल्याच सुट्टीत कुणीतरी टोपी ओढली आणि पहिलीतली एक चिमुरडी सरळ म्हणाली, "तुझा पप्पा मेला न्हवं?" मी धावत गेले आणि तिला सगळ्यांसमोर रागावले. आता वाटतं, तिथंच चुकलं. त्या दिवसापासून वर्गात कुणी त्याच्याशी त्या विषयावर बोलत नाही, आणि हळूहळू बाकीच्या विषयांवरही बोलेनासे झालेत. तिनं वाईट काही विचारलंच नव्हतं. मीच सगळ्यांना शिकवलं की हे बोलायचं नसतं.

आमची शाळा रस्त्याला लागून आहे. सध्या हंगाम चालू आहे, दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जातात, टेप मोठ्यानं लावलेला असतो. प्रत्येक आवाजाला हा उठून खिडकीशी जातो. मी बस म्हणत नाही. ट्रॅक्टर गेला की आपला आपण येऊन बसतो. अकराच्या सुमाराला रोज पोट दुखतं. आईनं गावच्या डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही.

आणि एक गोष्ट मला फार टोचतेय. मी हजेरी पूर्ण नावानं घेते. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तो परत आल्यापासून वडिलांचं नाव माझ्या तोंडातून निघत नाही. नाव आणि आडनाव घेते आणि पुढं जाते. तो 'हजर' म्हणतो, पण खाली बघून.

कुणाच्या शाळेत असं झालं असेल, कुणी स्वतः त्यातून गेलं असेल तर सांगा. आमच्याकडे समुपदेशक वगैरे कुणी नाही. मीच आहे.

मुक्काम_पोस्ट_विटा

बाई, तुम्ही इतकं बघताय हेच त्या पोराचं नशीब. वाचतोय.

वाई_ते_पुणे

हे मी आजवर कुठंच लिहिलेलं नाही.

२५ जानेवारी २००५, मांढरदेवची यात्रा, शाकंभरी पौर्णिमा. त्या चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे माणसं गेली. त्यात माझी आई होती. मी सात वर्षांचा, पहिलीत. मी घरी आजीजवळ होतो.

मला सांगितलं, आई देवीच्या कामाला वर राहिलीय. पुढं सांगितलं, मामाच्या गावाला गेलीय. घरात माणसांची रीघ, बायका रडतायत, मी विचारलं की सगळे गप्प. मी काय करायचो, तर संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसायचो. मामाच्या गावाची गाडी साडेपाचला यायची. उतरणारी सगळी माणसं बघायची आणि घरी यायचं. किती दिवस गेलो आठवत नाही, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत जात होतो हे नक्की, कारण फलाटावरच्या फरशीचे चटके आठवतात.

शाळेत सगळ्यांना माहीत होतं, गुरुजींनाही. कुणी काही बोललं नाही. त्यांनाही घरच्यांनी गप्प राहायला सांगितलं असणार. मी कुणाला दोष देत नाही.

दुसरीत बदलीवर एक बाई आल्या. त्यांनी आधी आजीशी बोलून घेतलं. मग एक दिवस शाळा सुटल्यावर मला थांबवलं, पायरीवर शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुझी आई वारली. वारली म्हणजे तिचा श्वास थांबला. ती परत येणार नाही. आणि ते तुझ्यामुळं झालेलं नाही."

ते शेवटचं वाक्य त्यांना कसं सुचलं, देव जाणे. कारण जाताना मी आईला म्हणालो होतो, मला जत्रेतनं भिंगरी आण. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की भिंगरी घ्यायला ती मागं राहिली आणि अडकली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बाईंना सांगितलं आणि इतका रडलो की बाईंचा पदर भिजला. दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर गेलो नाही.

तुम्ही हजेरीबद्दल विचारलंय. नाव घ्या, बाई. त्याच्या नावातलं वडिलांचं नाव कुणी पुसलेलं नाही.

निवृत्त_गुरुजी_मिरज

चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली. थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

मुलांचं दुःख मुलांच्या पद्धतीनं वाहून जातं. आपण मोठी माणसं ते पुन्हापुन्हा ढवळत बसलो तर खपली धरत नाही. आमच्या वेळी परिपाठात दोन मिनिटं मौन, श्रद्धांजली, की लगेच पाढे. पोरं खेळायला लागायची.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, ते दिवस इथल्या अनेकांना आठवत असतील. ब्रह्मनाळची नाव उलटली ती त्याच पुरात. त्या साली मी नोकरीत होतो. पाणी उतरलं तेव्हा शाळेत गुडघाभर गाळ. दप्तरं गेली, हजेरीपट गेले, शालेय पोषण आहाराचा तांदूळ कुजून वास मारत होता. काही घरांत माणसंही गेली होती. आम्ही गाळ निघायची वाट पाहिली नाही. चिंचेच्या झाडाखाली पोरं बसवली. घंटा सापडत नव्हती, तर रुळाचा तुकडा बांधला आणि नेहमीच्या वेळेला ठोका दिला. तो ठोका ऐकून पोरं आली हो. गणवेश नाही, पायात काही नाही, पण रांगेत उभी राहिली. माझा सांगायचा मुद्दा तो. पोराला वेळापत्रक द्या. बाकी काळ बघून घेतो.

हळदीचं_पान

गुरुजी, राग कसला. ठोक्याचं वाचून अंगावर काटा आला. पण दोन मिनिटांच्या मौनानंतर ज्या पोराचं माणूस गेलंय, त्याला पाढे येत होते का, हे त्या काळी कुणी पाहिलं असेल का, असा प्रश्न पडला.

निवृत्त_गुरुजी_मिरज

खरं सांगायचं तर आम्ही पाहिलं नाही.

मनाचा_वैद्य_कराड

मुलांच्या मानसोपचार क्षेत्रात काम करतो. उशीर झाला लिहायला. वाई_ते_पुणे यांच्या प्रतिसादात बहुतेक सगळं आलंच आहे. मी त्यामागचं थोडं सांगतो.

मृत्यू मुलांना कसा कळतो, यावर मारिया नागी यांनी बुडापेस्टच्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं तीन ते दहा वर्षांची होती. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटायचा, म्हणजे उठता येतं, परत येता येतं. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर चालत नाही, आणि हे सगळ्यांनाच आहे, या गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सातच्या दरम्यान उमगू लागतात. म्हणजे तुमचा वर्ग नेमका त्या उंबऱ्यावर आहे. अशा वयात 'झोपले' म्हटलं तर पोर रात्री झोपायला घाबरतं. 'गावाला गेले' म्हटलं तर स्टँडवर जाऊन बसतं. 'देवाला आवडले म्हणून नेलं' म्हटलं तर देवावर चिडतं, नाहीतर आपणही आवडू या भीतीनं गप्प होतं. घरात देवाघरी म्हणत असतील तर म्हणू देत, तो त्यांचा विश्वास आहे. पण त्याच्या जोडीला साधा शब्द हवाच. वारले. मेले. शरीर बंद पडलं.

हे वय आणखी एका बाबतीत नाजूक असतं. मनात आलं म्हणून घडलं, असं त्यांना वाटतं. भिंगरीची गोष्ट त्यातलीच. तुमच्या मुलाच्या डोक्यातही असं काही असू शकतं. विचारायची गरज नाही, नुसतं सांगा, की हे तुझ्यामुळं झालेलं नाही.

गुरुजी, पोरं खेळायला लागायची हे तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. मुलाचं दुःख सलग नसतं. पाच मिनिटं हुंदके, की लगेच लगोरी. मोठ्यांना वाटतं, विसरलं. ते विसरलेलं नसतं, त्याला एका वेळी तेवढंच पेलतं. अमेरिकेत बॉस्टनच्या भागात विल्यम वर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आई किंवा वडील गेलेल्या ७० कुटुंबांतल्या १२५ मुलांना दोन वर्षं पाहिलं. बहुतेक मुलं सावरली. साधारण पाचातलं एक मूल मात्र दोन वर्षांनंतरही चांगलंच अडचणीत होतं. आणि ही मुलं नि इतर मुलं यांच्यातला फरक पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी जास्त दिसला. आपली शाळा तोवर हे सगळं विसरून गेलेली असते. नवीन बाई, नवीन वर्ग, कुणाला काही माहीत नाही. म्हणून तिसरीच्या शिक्षकांना जूनमध्ये तुम्ही आठवणीनं सांगा. पुढच्या दिवाळीच्या आसपास पुन्हा सांगा.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट ठळकपणे पुढं आली. मुलं गेलेल्या माणसाशी नातं तोडत नाहीत. त्यांच्याशी बोलतात, त्यांची एखादी वस्तू जवळ ठेवतात, ते आपल्याला बघतायत असं समजतात. खिडकीशी जाणं मला तसंच वाटतंय. तुम्ही अडवत नाही, फार चांगलं करता.

पोटदुखी खोटी नसते. दुःख पोटात उतरतं ते खरंच दुखतं. अकरा वाजता काय असतं, ते बघा. वडील त्या वेळी कधी घरी असायचे का, शाळेवरून जायचे का? दुखलं की कुठं जायचं, ही जागा ठरवून द्या, रोज तीच, रोज तेच माणूस. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई चालतील.

काळजी केव्हा करायची? मलाही पप्पाकडं जायचंय असं वारंवार म्हणायला लागला, खाणं-झोप सुटली, महिने उलटले तरी कुणातच मिसळेना, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पालकांनाच नव्हे, शिक्षकांनाही. तुम्हीही करू शकता.

तासगावची_लेक

माझे मिस्टर गेले तेव्हा मुलगी पहिलीत. आईच्या बाजूनं सांगते.

मला शाळेकडून फक्त एक फोन हवा होता. तिला कधी पाठवता, घरी तिला काय सांगितलंय, आम्ही काय सांगू. एवढंच. तो आला नाही. पहिल्या दिवशी वर्गात तिला पुढं बोलावून म्हटलं, "हिला कुणी त्रास द्यायचा नाही, हिला पप्पा नाहीत, बिचारी आहे." मनात वाईट नव्हतं त्यांच्या. पण 'बिचारी' तिला चिकटलं. खेळात तिला मुद्दाम जिंकवायचे. ती घरी येऊन म्हणाली, "आई, मला आउटच करत नाहीत." बरं वाटावं म्हणून केलेलं, आणि पोर रडतंय की मला आउट करा.

कागदांचं पण बोलते, कारण त्याचा जाच मुलालाच होतो. प्रत्येक फॉर्मवर वडिलांची सही, वडिलांचा व्यवसाय. क्लार्क मुलीसमोर विचारतात, "वडील काय करतात?" ती म्हणते, "वारले." मग ते 'कै.' लिहितात आणि ती ते अक्षर बघत राहते. घरी विचारलं, कै म्हणजे काय? शिक्षकांनी एकदा स्वतः बसून हे भरून टाकलं तर पोराला दारोदार सांगावं लागणार नाही.

आणि बाई, त्या मुलाच्या आईला बालसंगोपन योजनेबद्दल सांगा. आई किंवा वडील कुणीही एक गेलं असलं तरी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला अर्ज करता येतो. आता महिना २,२५० रुपये आहेत, आधी ११०० होते. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज. शाळेचा बोनाफाईड लागतो, तो तुम्ही न मागता हातात दिलात तर तिचा एक हेलपाटा वाचेल. मला हे दीड वर्षानं कळलं, तेही दुसऱ्या एका बाईकडून, दळणाच्या रांगेत.

कोयनाकाठ

पाटण तालुक्यात शिक्षक आहे. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. नंतर निवाऱ्याच्या ठिकाणी मुलांना जमवून बसायचं काम आमच्यासारख्यांकडं आलं. आम्हाला काही प्रशिक्षण नव्हतं. कागद आणि खडू दिले, म्हटलं काढा काहीही. एका मुलानं डोंगर काढला. दुसऱ्या दिवशी डोंगर. आठवडाभर डोंगरच. एके दिवशी डोंगराच्या पायाशी बारकी काळी रेघ मारली. मी विचारलं, हे काय? "भित." किती उंच? "आमच्या आण्णापेक्षा उंच." मी एवढंच म्हटलं, चांगली भक्कम दिसतेय. त्यानं मग भिंतीला दार काढलं.

आम्ही उपदेश केला असता तर ती भिंत आली नसती, असं मला अजून वाटतं. एवढंच सांगायचं होतं.

आणि हो, मुलांनी प्रश्न विचारले तर पुन्हा तेच विचारतील. दहा वेळा. दहाव्या वेळीही तेच उत्तर, त्याच शब्दांत. ते आपली परीक्षा घेत नसतात, अजून तसंच आहे ना हे चाचपून बघत असतात.

माणदेशी_माती

+१ शेवटच्या परिच्छेदाला. आमचा बैल बेंदराच्या आधी गेला तेव्हा माझ्या पोरानं महिनाभर रोज विचारलं, आता तो उठंल का. आधी मी टाळायचो. मग गोठ्यात नेलं, रिकामी दावण दाखवली, हात लावू दिला. जनावराच्या वेळी नीट बोललो, म्हणून पुढं आजी गेली तेव्हा तेच पोर मला समजावत होतं.

लेस्टरकर_सांगलीवाला

मूळ हरिपूरचा, मुलं इंग्लंडमध्ये शाळेत. इथं शाळांत एक आकडा नेहमी सांगतात, ५ ते १६ वयाच्या २९ मुलांमागे एकाचं आई, वडील किंवा भावंड गेलेलं असतं. म्हणजे जवळजवळ प्रत्येक वर्गात एक. त्यामुळं शिक्षकांना हे कधीतरी येणारच असं धरून तयारी करून ठेवतात. १९९२ पासून विन्स्टन्स विश नावाची संस्था अशा मुलांसाठी काम करते, शिक्षकांना फोनवर सल्ला देते.

माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलीची आई गेली तेव्हा शाळेनं आधी घरच्यांना विचारलं, वर्गाला काय सांगू? त्या शब्दांत पत्र आलं सगळ्या पालकांना. मुलीला एक छोटं कार्ड दिलं होतं. नको वाटलं की ते बाकावर ठेवायचं आणि बाहेर जायचं, काही सांगायला लागत नाही. आणि एक खोका. त्यात आईचा स्कार्फ, एक वासाची बाटली, फोटो. तो वर्गातल्या कपाटात असायचा, हवा तेव्हा काढायचा. मातृदिनाचं कार्ड करताना बाईंनी तिला आधी एकटीला विचारलं, तुला करायचंय का? तिनं केलं. आईच्याच नावानं केलं.

आपल्याकडं कार्ड-खोका असलंच पाहिजे असं नाही. आधी विचारतात, ते मला आवडलं.

हळदीचं_पान

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. महिनाभरानं लिहितेय, पण धागा रोज उघडत होते.

आधी त्याच्या घरी गेले. आईशी, आजोबांशी बोलले. घरात 'पप्पा देवाघरी' म्हणतात, पण माती देताना तो तिथंच होता, त्याला सगळं माहीत आहे. आजोबा म्हणाले, "तुमी बोला बाई. आमाला बोलाय हुत न्हाई, रडू येतं." मी म्हटलं, त्याच्यासमोर रडलात तरी चालेल. यावर ते काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली.

अकराचं कोडं आजोबांनीच सोडवलं. वडील दिवसपाळीला असले की साधारण त्या वेळी भरलेला ट्रॅक्टर घेऊन शाळेवरून जायचे आणि हॉर्न द्यायचे. तीनदा. मी तीन वर्षं तो हॉर्न ऐकत होते आणि ड्रायव्हर लोकांवर चिडत होते. आता अकरा वाजता तो स्वयंपाकाच्या ताईंकडे जातो, वाटाणे निवडतो, दहा मिनिटांत परत येतो. पोटदुखी गेली नाही, पण आठवड्यातून एखाद-दोन वेळा.

त्याला विचारून वर्गाशी बोलले. मला वाटलं होतं अवघड जाईल. मी म्हटलं, "याचे पप्पा वारले, तुम्हाला माहीत आहे. मी परवा तुमच्यातल्या एकीला रागावले, ते माझं चुकलं. हा विषय बोलायचा नाही असं काही नाही. याला बोलावंसं वाटलं तर हा बोलेल, नको वाटलं तर नको म्हणेल." ज्या चिमुरडीला मी रागावले होते, तिनं लगेच हात वर केला. तिचे आजोबा वारलेत, ते तिला पाठीवर घेऊन नदीला न्यायचे. मग दुसऱ्याची म्हैस. मग कुणाचा भाऊ, जो आठ दिवसांचाच होता. तेवीस पोरांत किती जण काय काय घेऊन बसले होते, मला काही माहीत नव्हतं. परिपाठ लांबला, गणिताचा तास गेला. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "माज्या पप्पाला रिवर्स ट्रॉली लावाय यायची, एका दमात." पोरं चाट पडली. गावात ते फार थोड्यांना जमतं.

बोनाफाईड करून दिला. अर्ज गेला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी हजेरी पूर्ण नावानं घेतली. त्याच्या नावापाशी आल्यावर माझाच आवाज हलला, पण घेतलं. वडिलांचं नाव, आडनाव. त्यानं वर पाहिलं आणि "हजर बाई" म्हणाला. मग पेन्सिलला टोक करायला लागला. मला वाटलं, संपलं.

सुट्टीत टेबलाशी आला. तिळगुळाचा अर्धा लाडू हातात, चिकट. म्हणाला, "बाई, तिसरीतपण घेणार का पप्पाचं नाव?"

"हो, तिसरीचे गुरुजी पण घेतील. मी सांगणार आहे त्यांना."

"आन धावीत?"

"दहावीच्या मार्कलिस्टवर छापून येतं."

"छापून?"

"छापून."

उरलेला लाडू माझ्या हातावर ठेवला आणि पळाला. बाहेर पोरं लगोरीच्या ठिकऱ्या रचत होती, त्यांनी त्याला भिडू घेतला. पहिल्याच डावात चेंडू लागून बाद झाला.